पोलीस ठाण्यात मारलं, नोंद कुठेच नाही, मग दाद मागायची कुठे?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांना पण कळेल. भाचा, वय 22, शेतातल्या मोटारीची केबल चोरीला गेली म्हणून नुसत्या संशयावरून रात्री घरून उचलला, दोन रात्री ठाण्यात ठेवला, पट्ट्याने मारला, काहीच निघालं नाही तर तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन सोडून दिला. अटक दाखवलीच नाही. तुम्ही एसपी साहेबांना अर्ज दिला, तो डीवायएसपी ऑफिस फिरून परत त्याच ठाण्यात चौकशीला आला आणि आता ज्याने मारलं तोच डीबीवाला (डीबी म्हणजे ठाण्याचं गुन्हे शोध पथक) फोन करतो की जबाब द्यायला या नाहीतर अर्ज मागे घ्या. आणि तुम्ही विचारता की पोलिसांवर खरंच काही होतं का, का नुसत्या चपला झिजवायच्या.

मी वकील, जळगाव-धुळ्याकडे फौजदारी केसेसच चालवतो, बरीच वर्षं झाली. खरं सांगायचं तर होतं, पण फार कमी वेळा होतं, आणि ज्यांचं झालं त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. त्यांच्याकडे पहिल्या दोन-चार दिवसांतला असा एक तरी कागद होता जो पोलिसांच्या हाताखालून गेलेला नव्हता. डॉक्टरचा, कोर्टाचा, पोस्टाचा, कशाचाही. कायदे कमी आहेत असं अजिबात नाही, उलट ढीग आहेत. गाडी अडते ती इथे की तक्रार पोलिसांविरुद्ध, चौकशी पोलिसांची, साक्षीदार पोलीस, स्टेशन डायरी पोलिसांची, कॅमेरा पण पोलिसांचाच. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. म्हणून माझं सगळं उत्तर एवढ्याच दिशेने आहे की कागद कुंपणाबाहेर कसा काढायचा.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या, कारण नुसता राग धरून काही हाती लागत नाही. रावेर-यावल पट्ट्यात, चोपड्याकडे, तिकडे शिरपूर-शहाद्याला केळी-कापूस-पपईवाल्यांची केबल, स्टार्टर, मोटार चोरी ही कायमची डोकेदुखी आहे. शेतकरी वैतागून मोर्चा काढतो, आमदाराचा फोन जातो, महिन्याच्या क्राईम मीटिंगला एसपी विचारतात डिटेक्शन किती, आणि पीआय साहेब डीबीच्या चार पोरांना सांगतात काहीही करा पण काढा. त्यांना तपास करायला ना माणसं ना वेळ, निम्मं ठाणं बंदोबस्तात. मग सोपा मार्ग काय, तर वस्तीवर जायचं. पारधी, भिल्ल, किंवा गावातला एखादा पोरगा ज्याच्यामागे कोणी उभं राहणार नाही. इंग्रजांनी 1871 साली ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं तो कायदा 1952 ला रद्द झाला, पण डीबीच्या डोक्यातली यादी काही रद्द झालेली नाही. हे मी पोलिसांची बाजू घ्यायला सांगत नाही. सांगतो एवढ्यासाठी की मारणारा हवालदार एकटा नसतो, मार हा तपासाचा शॉर्टकट म्हणून वरपासून चालवून घेतलेला असतो, आणि अंगाशी आलं की बळी फक्त खालच्या कॉन्स्टेबलचा जातो. म्हणून तक्रारीत फक्त मारणाऱ्याचं नाव नका लिहू. त्या रात्री ठाणे अंमलदार कोण होता, प्रभारी अधिकारी कोण होता, हे पण लिहा.

आता कायद्याने काय व्हायला पाहिजे होतं ते पटकन. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) गेली आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली, कलमांचे नंबर बदलले, मुद्दे तेच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी कलम 35 खाली नोटीस देऊन बोलवायचं, अटकच करायची तर कलम 36 प्रमाणे अटकेचा मेमो, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, 48 प्रमाणे नातेवाईकाला कळवणं, 53 प्रमाणे मेडिकल, आणि 58 प्रमाणे 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर. डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टाने 1996 लाच हे सगळं बजावलं होतं. तुमच्या भाच्याच्या बाबतीत यातलं एकही झालं नाही, आणि गंमत म्हणजे हीच तुमची जमेची बाजू आहे. पोलीस म्हणणार तो आलाच नव्हता किंवा विचारपूस करून तासाभरात सोडला. तो तिथे दोन रात्री होता एवढं तुम्ही सिद्ध केलं की पुढचं सगळं त्यांना सांगावं लागतं.

सिद्ध कसं करायचं. पहिलं, मेडिकल. तुम्ही लिहिलंय की गावातल्या डॉक्टरला दाखवलं आणि गोळ्या घेतल्या. ते पुरेसं नाही. उद्या सकाळी ग्रामीण रुग्णालय किंवा सरळ जिल्ह्याच्या सिव्हिलला न्या आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाची मेडिकल नोंद, करायला सांगा. इथे एक जागा आहे जिथे नीट उभं राहावं लागतं. केसपेपरवर डॉक्टर हिस्टरी लिहितात, ‘मारहाण’ एवढंच लिहितात, फार तर ‘अज्ञात इसमाकडून’. शेजारी चौकीवरचा पोलीस उभा असतो, डॉक्टरला पण रोज त्याच लोकांशी काम असतं, कोण वाकडं घेणार. तुम्ही शांतपणे, आवाज न चढवता म्हणायचं, डॉक्टर साहेब पेशंट जे सांगतो तेच लिहा, अमुक तारखेच्या रात्री पोलीस ठाण्यात पोलिसांनी पट्ट्याने मारलं. खरं-खोटं ठरवणं डॉक्टरचं काम नाही, पेशंटने सांगितलेलं लिहिणं हे काम आहे. तळपायाला आणि मांड्यांच्या मागे वळ असतील तर कपडे काढून दाखवा, कारण डीबीवाले तिथेच मारतात जिथे शर्ट-पॅन्टमध्ये दिसत नाही. केसपेपरचा फोटो तिथल्या तिथे मोबाईलमध्ये काढून घ्या. वळ आठवड्यात निळ्याचे पिवळे होतात आणि मग कोर्टात ‘जुन्या जखमा’ एवढाच शब्द राहतो, त्यामुळे दिवस गेले असतील तरी आत्ता जे दिसतं त्याचे फोटो लगेच काढा, एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही येऊ द्या.

दुसरं, सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात गेट, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे कॅमेरे पाहिजेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं, ती सोय नसेल तर जितकं जास्त ठेवता येईल तितकं पण एक वर्षापेक्षा कमी नाही. कॅमेरा चालू आहे की नाही याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची. प्रत्यक्षात काय ते तुम्हाला पण माहीत आहे, ज्या रात्री मारहाण त्या रात्रीच डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) बिघडतो. 2025 ला तर सुप्रीम कोर्टाने ठाण्यातल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली. तरी पण अर्ज करायचाच. आजच एसपी आणि प्रभारी अधिकारी दोघांच्या नावाने लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं फुटेज आणि स्टेशन डायरीच्या नोंदी जतन करा, नष्ट करू नका, कारण आम्ही कोर्टात मागणार आहोत. आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. फुटेज मिळेलच असं नाही, पण ‘कॅमेरा बंद होता’ असं लेखी आलं तर तो पण पुरावाच आहे, कारण मग कधीपासून बंद, दुरुस्तीला कधी कळवलं, हे प्रश्न उभे राहतात आणि त्याची उत्तरं सहसा कोणाकडे नसतात.

तिसरं, मोबाईल. भाच्याचा फोन त्याच्या खिशात होता का, त्यांनी काढून घेतला का, त्या दोन रात्री तुम्ही ठाण्यात फोन केला का, बाहेर टपरीवर कोण बसलं होतं, डबा कोणी नेला. डबा नेणारा हा फार महत्त्वाचा साक्षीदार असतो आणि त्याला कोणीच विचारत नाही. त्याने डब्याच्या वेळी काय पाहिलं ते तारखेसकट आत्ताच लिहून ठेवा.

कोऱ्या सह्यांची भीती तुम्हाला वाटते ती बरोबर आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात घेता येत नाही, जुन्या पुरावा कायद्यात 25-26 कलम होतं, आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात 23. आणि तपासात दिलेल्या जबाबावर सही घेताच येत नाही. पण त्याच 23 ला शेपूट आहे, जुनं सत्तावीस, म्हणजे आरोपीने ‘दाखवतो’ म्हटलं आणि मुद्देमाल निघाला तर तेवढा भाग चालतो. कोऱ्या सह्या नेमक्या तिथे वापरतात, केबलचं वेटोळं कुठून तरी आणायचं आणि निवेदन पंचनामा तयार. आता बीएनएसएस 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं त्यामुळे हे पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही, तरी बंदोबस्त करून ठेवा. एसपी आणि तालुक्याचे मॅजिस्ट्रेट, दोघांना लेखी कळवा की अमुक तारखेला ठाण्यात इतक्या कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आहेत. हे पत्र ज्या दिवशी पोचलं त्या दिवसानंतर निघालेला कोणताही पंचनामा लंगडाच चालतो.

अर्ज हातोहात दिला तर बारनिशीचा (आवक नोंदीचा) शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत यायचं नाही. शिक्का देत नसतील तर वाद नको, बाहेर येऊन स्पीड पोस्ट आणि ईमेल. पोस्टाची पावती ही गरिबाची पोच.

आता तक्रार कुठे. एसपींकडे गेलेला अर्ज खाली आला यात नवल नाही, आमच्या भागात सगळेच अर्ज असे खाली येतात. कोर्टाचा रस्ता असा आहे. बीएनएसएस 173 खाली ठाण्यात फिर्याद, नाही घेतली तर एसपी, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे 175 चा अर्ज, जुन्या भाषेत 156(3), सोबत प्रतिज्ञापत्र. ललिता कुमारी निकाल 2013 चा आहे, दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर घ्यायलाच पाहिजे, पोलिसांविरुद्ध असला तरी. पण नव्या कायद्यात 175 चं चौथं पोटकलम घातलंय की सरकारी नोकराविरुद्ध कर्तव्य बजावताना झालेल्या गोष्टीची तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेटने आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं पाहायचं. खाजगी फिर्यादीला पण 223 मध्ये तसंच आहे. माझं स्पष्ट मत, ही पोटकलमं पोलिसांना आयती ढाल देतात. तुमच्या वकिलाने पहिल्या परिच्छेदातच मांडलं पाहिजे की नोंद न करता डांबून मारणं हे कर्तव्यच नाही. गुन्ह्याचं कलम पण बरोबर लावा, नुसती साधी मारहाण नको. कबुली काढण्यासाठी इजा करणं हे बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता, जुनी आयपीसी) 120, सात वर्षांपर्यंत शिक्षा, जबर इजा असेल तर दहा, आणि डांबून ठेवल्याचं 127.

आणि मुदत! ही गोष्ट बऱ्याच वकिलांना पण उशिरा आठवते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 161. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर सहा महिन्यांच्या आत, त्यानंतर सरकारची परवानगी घेऊन दोन वर्षांपर्यंत. पोलिसांचा वकील हे कलम पहिल्या तारखेलाच काढतो. त्याला उत्तर आहे, 1966 चा सुप्रीम कोर्टाचा आत्माराम निकाल, आपल्या महाराष्ट्रातलाच, की मारहाण आणि डांबून ठेवणं याला हे संरक्षण लागत नाही. पण उत्तर आहे म्हणून मुदत घालवायची नाही, सहा महिन्यांच्या आतच दाखल करा म्हणजे तो वादच नको. सरकारी नोकरावर खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या मुद्द्यावर, म्हणजे जुनं 197 आणि आताचं 218, कोर्टं दोन्हीकडे गेलेली आहेत, तिथे नशीब आणि वकील दोन्ही लागतात. नव्या कायद्यात एवढं बरं केलंय की सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं.

कोर्टाबाहेरच्या जागा दोन. राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई, फी नाही, वकील नको, पोस्टाने चालतं, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. दिल्लीच्या आयोगाला आणि मुंबईच्या आयोगाला एकाच वेळी नका लिहू, एकीकडे चालू असलं की दुसरीकडचं बंद होतं. सैनी निकालाप्रमाणे आयोग ठाण्याचं फुटेज मागवू शकतो, तेवढी विनंती अर्जात वेगळी लिहा. दुसरी जागा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग निकाल 22 सप्टेंबर 2006 चा, त्यात कोर्टाने सांगितलं की पोलिसांच्या तक्रारी ऐकायला पोलिसांबाहेरची यंत्रणा करा. आपल्या सरकारला अधिनियमात दुरुस्ती करायला 2014 उजाडलं. कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी, हे सगळं त्यांच्याकडे जातं, प्रतिज्ञापत्र जोडून द्यायचं. शेवटी सरकारला अहवाल देणारीच यंत्रणा ती, दात किती हा प्रश्न आहेच, पण तिथे सुनावणीला पोलीस अधिकाऱ्याला हजर राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर रेकॉर्डवर येतं. कोर्टात मग तेच उत्तर उलटतपासाला कामी येतं.

तुम्ही अनुसूचित जमातीतले आहात असं लिहिलंय, मग ॲट्रॉसिटी कायदा पण बघावा लागेल. मारणारा बिगर एससी-एसटी असेल तर कलम 3 आहेच, आणि तक्रार न घेणाऱ्या बिगर एससी-एसटी अधिकाऱ्याला कलम 4. वकिलाला पैसे नाहीत म्हणता, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तुम्हाला फुकट वकील देतं, एससी-एसटीला उत्पन्नाची अट पण नाही, 15100 वर फोन करा किंवा तालुका कोर्टातच ऑफिस असतं.

सोडायला पैसे मागितले होते का? लिहिलं नाही तुम्ही, पण अशा प्रकरणात बहुतेक मागतात. अजून मागत असतील तर देऊ नका, अँटी करप्शनला 1064 वर कळवा, ट्रॅप लागला की तो एकमेव दिवस असतो जेव्हा खाकीवाल्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नावासकट यावं लागतं. नाइलाजाने देऊन बसला असाल तर सात दिवसांच्या आत कळवलं तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही, त्यानंतर अवघड.

विभागीय चौकशीबद्दल जास्त आशा ठेवू नका. बदली ही शिक्षा नाही, मुख्यालयात जमा ही शिक्षा नाही, चौकशीपुरतं निलंबन पण शिक्षा नाही, त्यात निर्वाह भत्ता चालू असतो आणि काही महिन्यांनी माणूस शेजारच्या तालुक्यात हजर होतो. 1956 च्या शिक्षा आणि अपील नियमांप्रमाणे खरी शिक्षा म्हणजे वेतनवाढ रोखणं, पदावनती, बडतर्फी. चौकशीचं काय झालं विचारलं तर वैयक्तिक माहिती म्हणून 2012 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा दाखला देऊन नाकारतात, म्हणून अर्जात ‘माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली’ असंच विचारा, दुसऱ्याची सर्व्हिस फाईल मागू नका. बाकी आपल्याकडे नवीन पीआय आला की शाल-श्रीफळ घेऊन रांग लागते, पेपरात फोटो, ‘कर्तव्यदक्ष’ लिहिलेलं. तीच मंडळी नंतर तुम्हाला समजवायला येतील.

वरच्या कोर्टात काही होतं का, तर होतं. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचा कोठडीत मृत्यू डिसेंबर 2024 चा, आधी हृदयविकार सांगितलं गेलं, पण शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा. त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली, तेच खंडपीठ आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना लागू आहे, आणि जुलै 2025 ला कोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तर तिथेही हस्तक्षेप झाला नाही. शवविच्छेदनाचा कागद नसता तर हृदयविकारच राहिला असता. आपल्या धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला पोलीस गोळीबारात सहा जण गेले, तेव्हा पोलीसच गाड्या फोडताना लोकांच्या मोबाईलमध्ये सापडले म्हणून काही पोलिसांना अटक तरी झाली.

आता तो फोन. जबाब द्यायला जायचं नाही असं नाही, पण फोनवर सांगितलं म्हणून जायचं नाही. लेखी नोटीस मागा. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्यासमोर जबाब देणार नाही, दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे चौकशी द्या, असं एसपींना आणि नाशिकला विशेष पोलीस महानिरीक्षकांना लिहा, आपले तिन्ही जिल्हे त्यांच्याच परिक्षेत्रात. कॉल रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्याला धमकवायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, कारण सरकारी कामात अडथळ्याची उलटी केस, बीएनएस 132, ही त्यांची ठरलेली खेळी आहे, आणि ते नाही जमलं तर चॅप्टर केस (शांतता राखायचा बाँड घ्यायची प्रतिबंधक कारवाई), तडीपारीचा प्रस्ताव. म्हणून ठाण्यात जायचंच झालं तर वकील आणि गावातले दोन वयस्कर लोक सोबत, पोराला एकट्याला कधीच नाही. घरात म्हातारी मंडळी म्हणतीलच, ‘पोलिसना नादी लागू नको रे भाऊ’, त्यांना दोष देऊ नका, त्यांनी ते पाहिलेलं असतं. पण अर्ज मागे घेतल्याचा कागद एकदा लिहून दिला की तोच कागद पुढे प्रत्येक कोर्टात तुमच्याच तोंडावर मारतात, त्यामुळे सही करण्याआधी निदान वकिलाला दाखवा.

भाच्याला नेमकं कोणत्या तारखेला सोडलं आणि केसपेपर आहे की नाही, एवढं लिहा. तारखेवरून सहा महिन्यांपैकी किती उरले ते कळेल आणि आधी मॅजिस्ट्रेट का आधी खंडपीठ, ते सांगता येईल.